सात किलोचा वाघ

मंडईच्या जत्रेच्या रात्री आमचा बांबू-कागदाचा वाघ मामांच्या दारापाशी थांबला. मुद्दाम थांबवला नव्हता कुणी. तिथे गल्ली डावीकडे वळते, आणि साडेअकरा फुटांचं धूड वळवायचं म्हणजे पुढच्यांनी जागेवर पाय आपटत राहायचं आणि मागच्यांनी शेपटीकडून हळूहळू फिरत यायचं, हे आम्ही शाळेच्या पटांगणात चार संध्याकाळ घोटून घेतलं होतं. मामा ओट्यावर बसले होते. बनियन, खांद्यावर दुपट्टा. ते उठून खाली आले, वाघाच्या पोटावर तळहात ठेवला, आतल्या उजेडानं त्यांच्या बोटांच्या कडा लालसर दिसल्या. "किती किलो भरला गा, बाई?" त्यांनी मला विचारलं. धानाचं पोतं काट्यावर ठेवल्यावर विचारतात, अगदी त्याच आवाजात. मी अशी फुगलेली होते त्या रात्री, की प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं. "बॅटरी धरून सात किलो दोनशे ग्रॅम, मामा. चौथीतली पोट्टी उचलतात."

"सात किलो," मामा म्हणाले. माझ्याकडे न बघता. आणि परत ओट्यावर जाऊन बसले.

वाघ वळला, ढोलकी पुन्हा सुरू झाली, मीही पुढे गेले. पण ते 'सात किलो' माझ्याबरोबर नागपूरपर्यंत आलं. वर्गात धातू-अधातू शिकवताना मध्येच आठवायचं. आपण काहीतरी बावळटासारखं बोललो एवढं कळत होतं. काय, ते कळत नव्हतं.

सगळं सुरू झालं ते भाच्याच्या मोबाईलवरून. दसऱ्याला मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडच्या आमच्या गावी गेले होते, तेव्हा त्यानं मला जपानमधला नेबुता दाखवला. आओमोरी नावाच्या शहरात दरवर्षी २ ते ७ ऑगस्टला निघणारी मिरवणूक. लाकूड-तारेच्या सांगाड्यावर कागद चढवून केलेले योद्धे, राक्षस, पशू, सगळे पोटातून उजळलेले, काही तर नऊ मीटर रुंद. पूर्वी आत मेणबत्त्या असायच्या, आता दिवे. शेवटच्या रात्री त्यातले काही होड्यांवर चढवून समुद्रात फिरवतात. "आत्या, आपल्या मंडईले असं करू ना," तो म्हणाला. आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार नाहीतर नाटक. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा केव्हाच लागलेल्या असतात. नाटक सुरू होता होता दहा वाजतात, त्याआधीची वेळ नुसती माइकवर "हॅलो, हॅलो, चेक" करण्यात जाते. त्या रिकाम्या वेळात मारुतीच्या देवळापासून नाटकाच्या मंडपापर्यंत कंदिलांची मिरवणूक काढायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे भाच्यानं ठरवलं आणि मी दिवाळीच्या सुटीत येऊन मदत करते म्हणाले. सायन्सची टीचर आहे म्हणजे हिला सगळं जमतं, असा माझ्याविषयी घरात एक जुना गैरसमज आहे. तो मी कधी दूर केला नाही.

कंदील म्हणजे नुसते आकाशकंदील नव्हेत. हलणारे हवेत, यावर भाचा अडून बसला. मान फिरली पाहिजे, जबडा उघडला पाहिजे, शेपूट वळवळली पाहिजे. म्हणजे बाहुलीही आणि कंदीलही. त्यासाठी सांगाडा बांबूचाच लागतो. तार जड होते आणि पोरांच्या हातात टोचते.

बांबू मिळायला अडचण नव्हती. भावाच्या बांधावर मानवेलाचं बेट आहे. लहानपणी याच बेटातला एक बांबू तोडायचा म्हटला तरी बाबा दहा वेळा इकडे-तिकडे बघायचे. २०१७ साली कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू निघाला, तेव्हापासून शेतातल्या बांबूची ती धाकधूक गेली. बाबा तेव्हा नव्हते. भावानं निवांत, दिवसाढवळ्या, गाणं म्हणत चौदा बांबू तोडले, आणि मला उगीच वाटलं की हे बघायला ते हवे होते.

चिरायला मात्र बुरड आजाच लागला. त्यांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे असेल. सूप, टोपल्या, ढोल्या विणण्यात जन्म गेला, आता प्लास्टिकच्या टोपल्या आल्यापासून हात रिकामे. ते अंगणात उकिडवे बसले, बांबूचं टोक पायाच्या अंगठ्याशी दाबलं, कोयता टोकावर ठेवून एकदाच ठोकला. मग ठोकणं बंद. कोयता नुसता किंचित पिळत पुढे सरकवायचा आणि बांबू आपणहून फाटत जातो, पेरं आलं की 'टक्' असा आवाज. चीर एका बाजूला पळायला लागली की ते जाड बाजू वाकवायचे आणि चीर निमूट मध्यावर यायची. मी करून बघितलं तर माझी चीर तीन पेरांतच बाहेर निघून गेली. "जाड्या अंगाले वाकवा लागते, बाई. बारक्याले वाकवलं तं तो अजून बारका होते," आजा म्हणाले. सालीकडची कमची चिवट, गाभ्याकडची ठिसूळ. म्हणून फासळ्या सालीच्या करायच्या, गाभ्याच्या पट्ट्या नुसत्या आधाराला. वाकवायच्या जागी दिव्याच्या ज्योतीवर धरायच्या. हिरव्या बांबूतलं पाणी 'सुंई' करतं, साल तेलकट चमकते, त्याच क्षणी वाकवून थंड होईपर्यंत धरून ठेवायचं. आजांच्या हाताला त्या धगीचं काहीच वाटत नव्हतं. माझ्या दोन बोटांवर फोड आले, ते मी नागपूरला सगळ्यांना दाखवत होते.

प्राणी कोणता, यावर मात्र घोडं अडलं.

मला सारस हवा होता. लांब मान, लांब पाय, दोन काठ्यांवर पंख; करायला सोपा, दिसायला राजस. पण सारस गोंदियाकडचा, आपल्याकडे कुठे, असं पोरांचं म्हणणं. भावाला बैल हवा होता, पण बैलांचा सण पोळा, तो होऊन गेला. पोरं एका सुरात म्हणाली, वाघ. अंगणात क्षणभर सगळे गप्प झाले. त्या गप्प होण्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

१९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा मी सातवीत होते. बाईंनी वर्गात सांगितलं, आपल्या जिल्ह्यात वाघ आहेत याचा अभिमान बाळगा. आम्ही बाळगला. तेव्हा वाघ म्हणजे 'तिकडे', जंगलात. आजी सांगायची ती तारूची गोष्ट: गावचा प्रमुख तारू वाघाशी झुंजता झुंजता मेला, तलावाकाठी त्याचं ठाणं झालं आणि त्याच्या नावावरून जंगलाला ताडोबा म्हणायला लागले. म्हणजे अख्खं जंगल वाघानं मारलेल्या माणसाच्या नावानं ओळखलं जातं, हे मला फार मोठी झाल्यावर लक्षात आलं. आता वाघ 'तिकडे' राहिला नाही. प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, ब्रह्मपुरी वनविभागाच्या धानाच्या शेतांत, बोड्यांच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यांच्या, काठाला, नाल्याच्या लव्हाळ्यांत तो राहतो, पिल्लं वाढवतो. नागपूरला माझ्या सोसायटीतले लोक हजारो रुपये मोजून जिप्सीत बसून त्याला बघायला येतात आणि तो दिसला नाही तर हिरमुसतात. माझी भावजय संध्याकाळी पाचनंतर शेतात थांबत नाही.

तर गप्प झालेल्या अंगणात पहिलं बोलली ती शेजारची काकू. "वाघ करा, पन मंग मंडई झाल्यावर जारून टाका. मारबतीवानी." पोळ्याच्या पाडव्याला आपण मारबत काढतोच, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत रोगराई, ईडापीडा गावाबाहेर नेऊन जाळतो, वाघ ही काय कमी पीडा आहे? तिच्या बोलण्यात दम होता. पण बुरड आजांनी कोयता खाली ठेवला. रानाच्या वाटेवर शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड आहे, पहिल्या पेरणीला आपण तिथे नारळ फोडतो, त्याला जाळायचं? "देवाले जारते का कोनी?" यावर कुणी काही बोललं नाही. भाच्याचा विचार तिसराच होता. त्याला व्हिडिओ काढून टाकायचा होता. एकाच जनावराकडे बघणारी ही तीन माणसं, आणि तिघांचंही मला पटत होतं. शेवटी जाळायचं का ठेवायचं ते नंतर बघू, आधी करू, असं झालं. आपल्याकडे बहुतेक गोष्टी अशाच होतात.

सांगाडा करताना एक मजेशीर गोष्ट कळली. आम्हा नऊजणांत जिवंत वाघ बघितलेला एकच, भाचा, तोही शाळेच्या सहलीत, पाठमोरा. बाकी सगळ्यांनी वाघ ऐकलेला. पोरांना डरकाळीची नक्कल येत नव्हती. पण वानराचा 'खक्, खक्-खक्' असा इशारा हुबेहूब यायचा, चितळाची कूक यायची. वाघ आला हे त्यांना नेहमी दुसऱ्याच कुणाकडून कळलेलं. मोबाईलवर फोटो बघून आम्ही डोकं केलं, खांदे केले, पण पोट कसं असतं ते कुठल्याच फोटोत नीट दिसेना. मग एका पोरानं आमच्या मांजराला उचलून दोन पायांवर उभं केलं, आणि त्या बोचकारणाऱ्या मांजराच्या पोटावरून आम्ही वाघाच्या फासळ्या बेतल्या. अकरा कडी, मध्ये कणा म्हणून एक लांब कमची, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेली. गाठीपेक्षा रबर बरं. सांधा हलतो आणि सुटत नाही. जबडा वेगळा, कानाशी दोन ठिकाणी अडकवलेला, दोरी ओढली की खाली पडायचा आणि रबरामुळे आपोआप मिटायचा.

कागद पतंगाचा, पांढरा. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं एका रात्रीत वाघ खातात. पांढरा कागद पिवळा करायला रंग कोणता, तर मंडईत जिलेबीचं दुकान लावणाऱ्यानं आपला केशरी रंग दिला. तो पाण्यात विरघळतो, कागद झाकत नाही, उजेड त्यातून जातो. पण पट्ट्यांची काळी शाई ओली झाली की त्या केशरीत पसरायची, आणि वाघ तेरड्यासारखा दिसायला लागला. इथे नेबुताचं शहाणपण कामी आलं. ते लोक रेघांच्या कडेनं वितळलेलं मेण लावतात. मेणापलीकडे रंग जात नाही, शिवाय मेणाच्या जागी कागद जास्त उजळतो. आम्ही देवळातल्या उरलेल्या मेणबत्त्या डब्यात वितळवल्या आणि प्रत्येक पट्ट्याला मेणाचा बांध घातला. धानाच्या बांधासारखाच, पाणी अडवायला.

आणि जवसाचं तेल. ही कल्पना आईची. भजी खाल्लेला कागद उजेडाकडे धरला की पलीकडचं दिसतं, हे तिनं मला लहानपणी दाखवलेलं, आणि पुढे कॉलेजात मी त्याचं कारण शिकले: कागदाच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा उजेड विखरून टाकते, तेलानं त्या फटी भरल्या की तो आरपार निघतो. गोडं तेल कायम चिकट राहतं. जवसाचं तेल हवेत हळूहळू सुकून घट्ट होतं. आई हे शास्त्र म्हणून नाही, घाण्यावरच्या अनुभवावरून सांगत होती. तिनं घाण्याचं तेल वाटीत घेतलं, कापसाच्या बोळ्यानं वाघाच्या अंगावर असं लावत गेली जसं न्हाऊ घालायच्या आधी बाळाला लावतात. चार दिवस ऊन दाखवलं. मी मध्ये एकच शहाणपणा केला, तेलाचे बोळे गोळा करून पाण्यात टाकले. जवसाच्या तेलाची फडकी कोंबून ठेवली तर सुकता सुकता आतून तापतात, कधी आपोआप पेटतात. "पन मंग कागद कसा नाई पेटत?" आईनं विचारलं. पसरलेला आहे म्हणून. ताप उडून जातो. तिला ते पटलं की नाही माहीत नाही. त्या चार रात्री ती दोनदा उठून वाघाच्या अंगावर हात फिरवून बघून आली, तापला तर नाही ना.

दिव्याची पट्टी आधी पांढरी आणली होती. लावली तर वाघ आजारी दिसला, दवाखान्यातल्यासारखा. मग सिंदेवाहीहून पिवळट आणली. बॅटरी फवारणी पंपाची, बारा व्होल्टची. कितीही पुसली तरी औषधाचा वास जाईना. पोटात बॅटरी बसवली, धान मोजायच्या काट्यावर वाघाला ठेवला, आकडा आला ७.२. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या आकड्याचा मलाही इतका अभिमान वाटला की पुढचे दोन दिवस मी तो दिसेल त्याला सांगत होते.

मिरवणुकीत तसं फारसं काही झालं नाही. तीस-पस्तीस लहान कंदील होते: मासे, घुबडं, एक ट्रॅक्टर, एक बुजगावणं. वाघ शेवटी. लाइनमनला सांगून गल्लीतले दिवे दहा मिनिटं बंद ठेवले होते, आणि अंधारात तो देवळामागून आला तेव्हा बायकांच्या घोळक्यातून असा एक आवाज निघाला, ज्याला किंचाळी म्हणता येणार नाही आणि हसूही नाही. कुत्री आधी भुंकली, मग दोन घरं मागे जाऊन भुंकली. एका पोरानं वानरासारखं 'खक्-खक्' केलं आणि मागून दहा पोरांनी. धानाच्या ओल्या पुंजण्यांचा वास, जिलेबीचा वास, आणि मधूनच त्या औषधाचा. मी जबड्याच्या दोरीपाशी होते. मला फार सुंदर वाटत होतं.

मग मामांचं दार, आणि तो प्रश्न.

भावाला विचारायला मला संक्रांत उजाडली. फोनवर विचारलं, मामा असं का म्हणाले असतील. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुले मामीचं मालूम नाई का?" मला माहीत होतं, म्हणजे चार वर्षांपूर्वी चैत्रात मोहफुलं वेचायला गेलेली मामी परत आली नाही, इतकं. मोहाची फुलं पहाटेआधी गळतात, म्हणून चारला उठून टोपली घेऊन जायचं, बसून वेचायचं. बसलेलं, वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही म्हणतात. फोनवर बातमी आली तेव्हा माझ्या पेपर तपासण्या चालल्या होत्या. मी तेराव्याला गेले होते, जेवून, आईशी बोलून, दुपारच्या बसनं परत. मामांशी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

बाकीचं भावानं सांगितलं. मामांनी तो वाघ पाहिलाच नाही. कुणीच नाही पाहिला. बोडीच्या काठाच्या चिखलात फक्त पंजा उमटलेला होता, आणि वनरक्षक त्यात प्लास्टर ओतायच्या आधी मामा तिथे बसले होते. त्यांनी त्या ठशात आपला हात ठेवून बघितला. ठसा खोल होता. मामांनी वनरक्षकाला एवढंच विचारलं, किती वजनाचा असेल. तो म्हणाला, पंजा चौकोनी आहे म्हणजे नर, दोनशे किलोच्या आसपास. "मामी किती होती रे," भाऊ म्हणाला, "चाळीसेक किलो असंल नसंल." त्यानंतर बरेच दिवस मामा ज्याला त्याला तो आकडा सांगत असत. दोनशे किलो. धानाची पोती मोजतानासुद्धा मध्येच.

मी फोन ठेवला. आमच्या मिरवणुकीचा रस्ता कुणी ठरवला, हे आठवायचा प्रयत्न केला. मीच ठरवला होता. त्या गल्लीतून वळण चांगलं दिसेल म्हणून.

होळीला गावी गेले. वाघ अजून जाळलेला नव्हता, ठेवलाही नव्हता. समाजमंदिराच्या व्हरांड्यात पडून होता, आणि होळी तोंडावर आल्यामुळे काकूनं पुन्हा विषय काढला होता. डाव्या कुशीवरचा कागद फाटलेला, आत चिमण्यांनी काड्या आणायला सुरुवात केलेली. मला खरं तर तो तिथून हलवून टाकायचा होता, मामांच्या नजरेआड, आणि ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी हे मी स्वतःला विचारलं नाही. मी आणि भाचा त्याला आमच्या धानाच्या कोठीत न्यायला उचलत होतो तेवढ्यात मामा पलीकडून आले. हातात विळा, डोक्यावर गवताचा भारा. भारा त्यांनी व्हरांड्याच्या कडेला टेकवला.

"सोड बाबू," ते भाच्याला म्हणाले.

त्यांनी कण्याखाली एक हात घातला, दुसरा गळ्याखाली, आणि वाघ एकट्यानं उचलला. जबडा खाली लोंबला, रबर सैल झालं होतं, मिटेना. ते तसेच रस्त्यानं चालायला लागले, आम्ही मागून. वाटेत एका म्हातारीनं विचारलं, कुठे नेता जी, तर म्हणाले, बाईच्या घरी. मला बोलायचं होतं. मामा, मला माहीत नव्हतं, असं काहीतरी. पण ते पुढे होते आणि मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि दोन्ही बाजूंना हलणारे वाघाचे पाय.

कोठीच्या दाराशी ते थांबले. आत-बाहेर बघून अंदाज घेतला.

"दार लहान हाये," मामा म्हणाले. "डोस्कं काढा लागते. पाना आन बाबू... नाई, रबरच हाये नाई का. विळ्यानं जमते."

आणि वाघ ओसरीवर टेकवून ते मानेपाशी बांधलेल्या पट्ट्या एकेक करून सोडवायला बसले. कापल्या नाहीत.